अवकाश लागलेला पहिला माणूस

१९६१ च्या ऑगस्ट महिन्याच्या प्रारंभी मानवजातीच्या अंतराळातील एकूण वास्तव्याचा हिशेब मांडला असता, तर तो अडीच तासांच्या आतच आटोपला असता. १२ एप्रिलला सोव्हिएत संघाचे युरी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालून परतले होते. ५ मे रोजी ॲलन शेपर्ड आणि २१ जुलै रोजी गस ग्रिसम या अमेरिकनांनी प्रत्येकी सुमारे पंधरा मिनिटांची झेप घेतली होती. ती वर जाऊन खाली येण्यापुरतीच होती. एवढ्या तुटपुंज्या अनुभवाच्या आधारे वैद्यांना फार थोडे सांगता येत होते. माणूस तेथे जाऊन जिवंत परत येऊ शकतो, हे सिद्ध झाले होते. पण तेथे राहू शकतो काय? वजनच नाही अशा अवस्थेत अन्न घशाखाली उतरून पोटात टिकेल काय? झोप लागेल काय, आणि लागली तर माणूस शुद्धीवर येईल काय? तासन्‌तास अधांतरी राहिल्यावर हृदय आपले काम नीट करील काय? या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळण्यासारखी नव्हती. ती कुणाला तरी स्वतःच्या देहावर शोधावी लागणार होती.

ते काम गेर्मान स्तेपानोविच तितोव्ह यांच्या वाट्याला आले. पहिलेपणाचा मान गागारिन यांच्याकडे गेला आणि जगाने तो डोक्यावर घेतला. दुसऱ्याचे नाव मात्र सर्वसामान्य ज्ञानाच्या पुस्तकांतून हळूहळू पुसट झाले. वास्तविक, माणसाने अंतराळात कसे जगावे या शास्त्राचा आरंभ पाहू गेल्यास तो गागारिन यांच्या उड्डाणापेक्षा तितोव्ह यांच्या त्या एका दिवसात अधिक सापडतो. त्यातही त्यांच्या पराक्रमापेक्षा त्यांच्या आजारपणाचा वाटा मोठा आहे.

सैबेरियाच्या दक्षिणेकडील अल्ताई प्रांतातल्या व्हेर्खनेये झिलिनो या खेड्यात ११ सप्टेंबर १९३५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील स्तेपान पावलोविच हे शाळेत रशियन भाषा व साहित्य शिकवीत. पुश्किन हे त्यांचे आराध्य दैवत. मुलाचे नाव त्यांनी ठेवले ते पुश्किनच्या ‘हुकमाची राणी’ या कथेतील नायकावरून, तर मुलीचे झेम्फिरा हे नाव त्याच्याच ‘जिप्सी’ या काव्यातल्या नायिकेवरून. खेड्यातल्या शिक्षकाच्या घरी पैशाची सुबत्ता असण्याचे कारण नव्हते. पुस्तकांची मात्र होती. पुढे अंतराळवीरांच्या तुकडीत तितोव्ह हे वाचणारे, कविता पाठ असणारे, थोडे फटकळ आणि मानी म्हणून ओळखले गेले, त्याचे मूळ या घरात आहे.

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते सायकलवरून पडले आणि त्यांचे मनगट मोडले. हाड जुळले, पण वैमानिक होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने मोडलेले मनगट म्हणजे बंद झालेला दरवाजा. त्यांनी ही गोष्ट लपविली. नियमित व्यायाम करून, दांड्यावर कसरती करून त्यांनी तो हात इतका बळकट केला की हवाई दलाच्या डॉक्टरांना शंकासुद्धा आली नाही. पुढे अंतराळवीरांच्या निवडीत शरीराचा इंचन्‌इंच तपासला गेला, तेव्हाही ते जुने दुखणे कुणाच्या लक्षात आले नाही. उड्डाणानंतर हे उघड झाले, तेव्हा आधी ठाऊक असते तर निवडच झाली नसती, असे वैद्यांनी त्यांना सांगितले. ज्या माणसाच्या शरीराने अवकाशवैद्यकाला पहिला मोठा धडा दिला, त्याच्याच शरीराने त्या वैद्यकाला आधी असा चकवाही दिला होता.

१९५३ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि १९५७ मध्ये स्तालिनग्रादच्या लष्करी विमानविद्यालयातून वैमानिक म्हणून बाहेर पडले. नेमणूक लेनिनग्राद विभागात झाली. याच सुमारास सोव्हिएत हवाई दलाच्या तळांवर काही डॉक्टर गुपचूप येऊन तरुण लढाऊ वैमानिकांच्या वैद्यकीय नोंदी चाळू लागले होते. कशासाठी, ते सांगितले जात नसे. सुमारे तीन हजार नोंदींमधून गाळत गाळत १९६० मध्ये वीस जण निवडले गेले. वय तिशीच्या आत हवे, उंची आणि वजन बेताचे हवे, अशा अटी होत्या. उंचीची अट शौर्याशी संबंधित नव्हती. ‘व्होस्तोक’ यानाचा गोल जेमतेम २.३ मीटर व्यासाचा होता आणि त्यात आसन, उपकरणे व माणूस असे सारेच कोंबायचे होते.

या वीस जणांचे प्रशिक्षण म्हणजे, शरीर कोठे हार मानते ते पाहण्याचा खटाटोप होता. गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसवून शरीराचा भार कित्येक पटींनी वाढवायचा, तापविलेल्या खोलीत बसवायचे, फिरत्या खुर्चीत चक्कर येईपर्यंत फिरवायचे, असा तो क्रम होता. सर्वांत कठीण समजली जाई ती निःशब्द कोठडी. बाहेरचा कोणताही आवाज आत येणार नाही अशा खोलीत एकट्याने दहा-पंधरा दिवस काढायचे. दिवस कोणता, रात्र कोणती हेही कळू नये अशी व्यवस्था असे आणि डॉक्टर मात्र काचेआडून व यंत्रांवरून सतत पाहत असत. तितोव्ह यांनी हे दिवस पुश्किनच्या कविता म्हणत काढले. वडिलांची शिकवण अशी अनपेक्षित जागी उपयोगी पडली.

ही कोठडी निर्धोक मात्र नव्हती. मार्च १९६१ मध्ये, गागारिन यांच्या उड्डाणाला तीन आठवडे असताना, तुकडीतील व्हालेन्तिन बोंदारेन्को यांच्या कोठडीत आग भडकली. आतल्या हवेत प्राणवायूचे प्रमाण वाढविलेले असल्याने ती क्षणात पसरली. त्या भाजण्यातून ते वाचले नाहीत. ही घटना सोव्हिएत सरकारने पंचवीस वर्षे दडवून ठेवली. सहकाऱ्यांना अर्थातच ती माहीत होती आणि ते तसेच पुढच्या चाचणीला जाऊन बसत होते. त्याच काळात तितोव्ह यांच्या घरातही दुःख होते. तमारा आणि गेर्मान या जोडप्याचा पहिला मुलगा जन्मजात हृदयदोषामुळे तान्हेपणीच गेला होता. पुढे त्यांना तात्याना आणि गालिना या दोन मुली झाल्या.

विसांमधून सहा आणि सहांमधून दोन नावे पुढे आली. गागारिन आणि तितोव्ह. पहिला कोण, याचा निर्णय उड्डाणाच्या काही दिवस आधी झाला. त्यामागच्या कारणांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. गागारिन यांचे मोहक हास्य, त्यांचे शेतकरी-कामगार घराणे, रशियन कानाला जर्मन वाटणारे गेर्मान हे नाव अशी अनेक कारणे दिली जातात. परंतु अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाची सूत्रे सांभाळणारे जनरल निकोलाय कामानिन यांच्या दैनंदिनीत नोंदलेला विचार अधिक पटण्याजोगा आहे. त्यांच्या मते दोघांमध्ये तितोव्ह अधिक कणखर होते आणि म्हणूनच त्यांना पुढच्या, म्हणजे दिवसभराच्या उड्डाणासाठी राखून ठेवणे योग्य होते. १२ एप्रिलच्या सकाळी तितोव्ह यांनीही अंतराळपोशाख चढविला, गागारिन यांच्याबरोबर त्याच बसमधून ते प्रक्षेपणस्थळी गेले आणि गागारिन वर गेल्यावर पोशाख उतरवून परत आले. हे शल्य त्यांनी पुढे कधी फारसे लपविले नाही.

आता दुसरे उड्डाण किती लांबीचे असावे, यावर वाद सुरू झाला. वैद्यकीय मंडळी सावध होती. एका प्रदक्षिणेनंतर एकदम सतरा प्रदक्षिणा ही उडी त्यांना धोक्याची वाटत होती. तीन प्रदक्षिणा पुरे, असे त्यांचे म्हणणे. यानांचे मुख्य रचनाकार सेर्गेई कोरोल्येव्ह मात्र पूर्ण दिवसावर अडून बसले. त्यांच्या हट्टामागे भूगोल होता. यान आपल्या कक्षेत फिरत असताना खाली पृथ्वीही स्वतःभोवती फिरत असते. त्यामुळे पहिल्या काही प्रदक्षिणा झाल्या की यानाचा मार्ग सोव्हिएत भूमीवरील उतरण्याच्या सोयीच्या प्रदेशावरून सरकून दूर जातो, आणि पुन्हा तेथे येण्यासाठी साधारण एक दिवस थांबावे लागते. म्हणजे एक तर लवकर उतरा, नाही तर मुक्काम करा. मधला पर्याय नाही. तितोव्ह स्वतः मुक्कामाच्या बाजूचे होते. अखेर कोरोल्येव्ह यांचे म्हणणे मान्य झाले.

६ ऑगस्ट १९६१ रोजी मॉस्कोच्या वेळेनुसार सकाळी नऊ वाजता ‘व्होस्तोक-२’ बैकानूरहून निघाले. आत बसलेल्या तितोव्ह यांना सव्वीसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर अवकाश होता. नभोवाणीवरील त्यांचे सांकेतिक नाव होते ‘ओर्योल’, म्हणजे गरुड.

अग्निबाणाचा जोर संपून वजनरहित अवस्था सुरू होताच या गरुडाला आपण उलटे टांगलेलो आहोत असे वाटू लागले. पाय वर, डोके खाली. समोरची उपकरणे जागच्या जागी होती, पट्टे शरीराला घट्ट होते, डोळ्यांना सारे सरळ दिसत होते आणि तरीही शरीर ठामपणे सांगत होते की आपण उलटे आहोत. ही भावना काही वेळाने ओसरली, पण तिच्या जागी दुसरेच काही आले. डोके जड झाले, मळमळू लागले. मान झटकन वळविली की त्रास वाढे. स्थिर बसून राहिले की थोडा उतरे. कोकणच्या आगबोटींमधून प्रवास केलेल्या पिढीला हे लक्षण ओळखीचे वाटेल. बोट लागते, गाडी लागते, तसे तितोव्ह यांना अवकाश लागले होते. असे होणारे ते पहिलेच मनुष्य.

दुपारच्या जेवणाची वेळ झाली. जेवण म्हणजे दंतमंजनाच्या नळीसारख्या नळ्यांत भरलेले पदार्थ. सूपासारखी लापशी, यकृताची चटणीसारखी वाटलेली पेस्ट, काळ्या करवंदासारख्या दिसणाऱ्या एका फळाचा रस. गागारिन यांनीही अंतराळात नळीतून थोडेसे चाखले होते. पण वेळापत्रकानुसार रीतसर जेवण करायचे ते तितोव्ह यांनीच. गिळण्यात काही अडचण आली नाही. अन्ननलिकेचे स्नायू घास पुढे ढकलतात, त्यासाठी गुरुत्वाकर्षणाची गरज नसते, हे सिद्ध झाले. अडचण निराळीच होती. भूक मुळी नव्हतीच आणि जे बळेबळे घेतले तेही पोटात राहिले नाही. त्यांना उलटी झाली. वजनरहित अवस्थेत उलटी ही नुसती किळसवाणी बाब नसते. शिरस्त्राण बंद असेल तर ती श्वासमार्गात जाऊन प्राणावर बेतू शकते. सुदैवाने तसे झाले नाही.

या साऱ्या वेळात जमिनीवरून विचारणा होत होती आणि वरून प्रकृती ठीक असल्याची उत्तरे जात होती. लढाऊ वैमानिकाचा हा स्वभावधर्म म्हणावा लागेल. शिवाय खाली परत बोलावले जाण्याची भीतीही असणारच. काम मात्र त्यांनी थांबविले नाही. गागारिन यांच्या वेळी हाताने यान वळविण्याची यंत्रणा सांकेतिक अंकांनी कुलूपबंद ठेवली होती, कारण वजनरहित अवस्थेत माणसाचे डोके ठिकाणावर राहील की नाही याची खात्री नव्हती. तितोव्ह यांनी मळमळत असतानाही ती यंत्रणा हाताळून पाहिली. त्यांच्याजवळ चलच्चित्रणाचा कॅमेरा होता. खिडकीतून त्यांनी पृथ्वीचे चित्रण केले. कक्षेतून माणसाने स्वतःच्या हातांनी केलेले पृथ्वीचे ते पहिले चित्रण. दर ८८ मिनिटांच्या आसपास एक प्रदक्षिणा होत होती, म्हणजे दीड तासाच्या आतच एक सूर्योदय आणि एक सूर्यास्त.

सातव्या प्रदक्षिणेच्या सुमारास झोपेची वेळ ठरलेली होती. डोळा लागला खरा, पण थोड्या वेळाने जाग आली तेव्हा समोर दोन हात तरंगत होते. ते त्यांचेच होते. पृथ्वीवर झोपलेल्या माणसाचे हात अंगाशी किंवा अंथरुणावर पडून राहतात, कारण त्यांना वजन असते. येथे स्नायू सैल पडताच ते आपोआप वर येऊन पुढे तरंगू लागले होते. तितोव्ह यांनी ते आसनाच्या पट्ट्याखाली खोचले आणि ते पुन्हा झोपी गेले. यानातील तापमान मात्र घसरत होते. उड्डाणापूर्वी तापयंत्रणा चुकून बंद राहिल्याने ते १० अंशांपर्यंत उतरले होते. तरी त्यांना इतकी गाढ झोप लागली की ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिराच जाग आली. दरम्यान खाली नियंत्रण कक्षात प्रत्येकाच्या जिवाची घालमेल झाली असणार.

जागे झाल्यावर त्यांना बरे वाटू लागले होते. बाराव्या-तेराव्या प्रदक्षिणेपर्यंत मळमळ जवळजवळ नाहीशी झाली. शरीराने नव्या जगाशी जुळवून घेतले होते. त्या एका दिवसातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष कदाचित हाच असावा. अवकाश लागते, पण ते उतरतेही.

परतीच्या वेळी यानाचा मागचा भाग माणूस असलेल्या गोलापासून नीट सुटा झाला नाही. गागारिन यांच्या वेळीही हेच घडले होते. वातावरणातील घर्षणाच्या उष्णतेने जोडणी जळाली, तेव्हा तो वेगळा झाला. सुमारे सात किलोमीटर उंचीवर तितोव्ह आसनासह बाहेर फेकले गेले आणि स्वतःच्या हवाई छत्रीने सारातोव्ह प्रांतातील क्रास्नी कूट गावाजवळ, एका रेल्वेमार्गाच्या लगत उतरले. २५ तास १८ मिनिटे, सतराहून अधिक प्रदक्षिणा. आठवडाभराने बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली आणि जगाचे लक्ष तिकडे वळले.

उतरल्यानंतर शासकीय आयोगापुढे तितोव्ह यांनी जे केले, त्याला त्यांच्या उड्डाणाइतकेच धैर्य लागले असावे. आपल्याला काय काय झाले ते त्यांनी तपशीलवार सांगितले. कोणत्या प्रदक्षिणेला मळमळ सुरू झाली, मान कशी हलविली की वाढली, झोपेनंतर कशी उतरली, हे सारे. सोव्हिएत प्रचारयंत्रणेला पोलादी वीर हवा होता. वैमानिकांच्या जगात तर पोट बिघडल्याची कबुली म्हणजे नामुष्कीच. स्वतःच्या भवितव्याचा विचार करून ते गप्प राहिले असते, तर पुढच्या माणसावर तेच संकट नकळत आले असते, आणि तेही कदाचित अधिक अवघड क्षणी.

वैद्यकीय पथकाचे प्रमुख व्लादिमीर याझ्दोव्स्की आणि त्यांचे सहकारी हादरले. अंतराळात राहणे माणसाच्या मेंदूला मुळातच मानवत नाही की काय, अशी शंका निर्माण झाली. पुढचे सोव्हिएत उड्डाण झाले ते वर्षभराने, ऑगस्ट १९६२ मध्ये. मधल्या काळात समतोलाच्या इंद्रियाचे प्रशिक्षण कितीतरी पटींनी वाढविले गेले. फिरत्या खुर्च्या, झोपाळे, फिरताना मान पुढेमागे करण्याचे व्यायाम यांचा मारा सुरू झाला. ‘व्होस्तोक-३’ मधील आंद्रियान निकोलायेव्ह यांनी जवळजवळ चार दिवस काढले, पट्टे सोडून यानात तरंगूनही पाहिले आणि त्यांना तसला त्रास झाला नाही. वैद्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काहींनी असाही निष्कर्ष काढला की दोष अवकाशाचा नसून तितोव्ह यांच्या प्रकृतीचा होता.

या निष्कर्षाने त्यांच्यावर अन्यायच झाला. खरा उलगडा हळूहळू झाला. आपल्या कानाच्या आत, कवटीच्या हाडात दडलेले समतोलाचे इंद्रिय असते. त्यातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कोणत्या दिशेला वळले ते सांगतात, आणि चुन्याच्या सूक्ष्म खड्यांचा थर असलेल्या दोन पिशव्या खाली कोणती दिशा आहे ते सांगतात. खडे आपल्या वजनाने खालच्या केसांसारख्या पेशींवर दाब देतात आणि मेंदूला खूण पटते. वजनच नाहीसे झाले की हे खडे तरंगतात आणि खाली ही दिशाच हरवते. डोळे एक सांगतात, कान दुसरेच सांगतो. मेंदू गोंधळतो आणि का कोण जाणे, आपला राग पोटावर काढतो. त्यातच पायांकडचे रक्त व द्रव छाती-डोक्याकडे सरकतात, चेहरा सुजल्यासारखा होतो, डोके भरून येते. उलटे टांगल्याचा भास होण्यास हेही कारणीभूत ठरते. दोन-तीन दिवसांत मेंदू कानाच्या साक्षीवर भिस्त ठेवणे कमी करतो आणि डोळ्यांवर विसंबू लागतो. तितोव्ह यांना बारा-तेरा प्रदक्षिणांनंतर बरे वाटले ते यामुळेच.

पुढे अमेरिकनांची पाळी आली. सुरुवातीच्या ‘मर्क्युरी’ आणि ‘जेमिनी’ यानांत हलायलाच जागा नव्हती, त्यामुळे त्रासही फारसा झाला नाही. ‘अपोलो’च्या प्रशस्त यानांत अंतराळवीर हिंडूफिरू लागले, तशी मळमळ प्रकटली. डिसेंबर १९६८ मध्ये चंद्राकडे निघालेले ‘अपोलो-८’चे कमांडर फ्रँक बोरमन यांना उलट्या झाल्या. मार्च १९६९ मध्ये ‘अपोलो-९’च्या रस्टी श्वाइकार्ट यांना इतका त्रास झाला की यानाबाहेरील कामाचा आराखडाच आखडता घ्यावा लागला. जाता जाता एक योगायोग सांगण्याजोगा आहे. पहिले अमेरिकन अंतराळवीर शेपर्ड यांनाही पुढे अंतर्कर्णाच्याच विकाराने ग्रासले. कित्येक वर्षे त्यांना जमिनीवर बसवून ठेवण्यात आले आणि शस्त्रक्रियेनंतर १९७१ मध्ये ते थेट चंद्रावर गेले. एवढ्याशा इंद्रियाने या दोन देशांच्या अवकाश कार्यक्रमांना केवढे जेरीस आणले!

आज असे मानले जाते की अंतराळात जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून बरेच अधिक जण पहिल्या दोन-तीन दिवसांत या विकाराने आजारी पडतात. जमिनीवर कुणाला गाडी लागते आणि कुणाला नाही, यावरून वर कुणाला त्रास होईल ते आधी सांगता येत नाही. अनुभवी लढाऊ वैमानिकही सुटत नाहीत. अमेरिकेच्या ‘शटल’ यानांच्या काळात पहिल्या तीन दिवसांत यानाबाहेर जाण्याचे काम ठेवायचे नाही असा दंडक पडला, कारण बंद शिरस्त्राणात उलटी होणे म्हणजे मृत्यूशी गाठ. औषधे निघाली, इंजेक्शने आली. पण नवख्याला दिला जाणारा पहिला सल्ला अजूनही तोच आहे. मान सावकाश हलवा, पहिले दिवस झटके टाळा. आणि झोपेचे म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर भिंतीला बांधलेल्या झोपेच्या पिशवीत निजणाऱ्यांचे हातही तसेच समोर तरंगत असतात.

अर्थात अवकाश लागणे हे दारातले दुखणे. आत गेल्यावरची दुखणी निराळी आणि अधिक चिवट. जून १९७० मध्ये निकोलायेव्ह आणि व्हिताली सेवास्त्यानोव्ह ‘सोयुझ-९’ मध्ये जवळजवळ अठरा दिवस राहून आले, तेव्हा त्यांना धड उभे राहता येईना. ज्या निकोलायेव्ह यांच्या पोटाला काही झाले नव्हते, त्यांचे स्नायू आणि हृदय मात्र शिथिल पडले होते. भार नसला की पायांची व कमरेची हाडे महिन्याला एक ते दीड टक्क्याच्या गतीने विरळ होतात, हेही पुढे कळले. तेव्हापासून धावपट्टी, ताणपट्टे आणि सायकल यांना अंतराळ स्थानकात जेवणाइतकेच महत्त्व आले. दिवसाला सुमारे दोन तासांचा व्यायाम हा तेथील नित्यनेम आहे. १९८४ मध्ये ‘साल्यूत-७’ वर राकेश शर्मा यांनी योगासनांचे प्रयोग केले, ते याच शोधाचा एक भाग होते.

तितोव्ह यांचे स्वतःचे पुढील आयुष्य मात्र त्या एका दिवसाच्या सावलीत गेले. कीर्ती अफाट मिळाली. सव्वीस वर्षांच्या तरुणाला ती पेलणे सोपे नव्हते. मद्य, भरधाव मोटारी, वरिष्ठांशी खटके यांमुळे कामानिन यांची डोकेदुखी वाढली. व्हिएतनाममध्ये हो चि मिन्ह त्यांना हालाँगच्या उपसागरात घेऊन गेले आणि तेथील एका बेटाला त्यांचे नाव दिले गेले. आजही पर्यटक त्या बेटावर जातात. १९६२ मध्ये अमेरिकेत ते जॉन ग्लेन यांना भेटले. पण पुन्हा उड्डाण काही मिळेना. ‘स्पिराल’ नावाच्या पंख असलेल्या अंतराळ विमानाच्या योजनेत त्यांना घेण्यात आले, त्यासाठी त्यांनी चाचणी वैमानिकाचे कसब आत्मसात केले. मार्च १९६८ मध्ये विमान अपघातात गागारिन गेले आणि सोव्हिएत नेतृत्वाने ठरविले की दुसऱ्याला गमावून चालणार नाही. पहिला गेल्यामुळे दुसऱ्याचे पंख बांधले गेले. १९७० मध्ये तितोव्ह अंतराळवीरांच्या तुकडीतून बाहेर पडले.

त्यांनी रडगाणे गात बसण्याऐवजी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते, ते कामी आणले. संरक्षण मंत्रालयाच्या अवकाश विभागात त्यांनी दीर्घ काळ काढला. लष्करी उपग्रह आणि नव्या अग्निबाणांच्या चाचण्यांची जबाबदारी सांभाळली, कर्नल जनरल या हुद्द्यापर्यंत ते पोहोचले. गोपनीयतेमुळे या कामाचा गवगवा झाला नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला, त्याच वर्षी ते निवृत्त झाले. पुढे १९९५ पासून रशियाच्या संसदेत कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य म्हणून ते निवडून गेले. २० सप्टेंबर २००० रोजी मॉस्कोमध्ये त्यांचे निधन झाले. पासष्ट वर्षे पूर्ण होऊन नऊच दिवस झाले होते. नोव्होदेविची स्मशानभूमीत त्यांना पुरण्यात आले. सहा आठवड्यांनी, त्याच बैकानूरहून, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे पहिले तीन रहिवासी निघाले.

चंद्राच्या आपल्याला न दिसणाऱ्या बाजूवरील एका विवराला त्यांचे नाव आहे. वयाचा त्यांचा विक्रम मात्र कुणी फारसे लक्षात न घेता साठ वर्षे टिकला. जुलै २०२१ मध्ये अठरा वर्षांचा एक डच तरुण खासगी यानातून अंतराळाला स्पर्श करून आला, तेव्हा सर्वांत लहान अंतराळयात्री हे बिरुद तितोव्ह यांच्याकडून गेले. ते उड्डाण दहा मिनिटांचे होते. पोट बिघडायलाही पुरेसा वेळ त्यात नव्हता. पृथ्वीला प्रदक्षिणा घातलेल्यांमध्ये तितोव्ह यांच्याहून लहान आजवर कुणी नाही.